मेट्रोने क्लिओपात्राकडे

रोमला चाललात? मग कलोसियम, ट्रेवीचं कारंजं, पिझ्झा आणि जेलातो ही यादी तयार असणारच. माझीही होती. तीन दिवस ऑफिसचं काम आणि त्याला जोडून एक मोकळा शनिवार. एका दिवसात रोम म्हणजे लोकलच्या खिडकीतून मुंबई बघण्यासारखंच! तरीही यादीत पहिल्या नंबरवर एक जागा होती आणि ती मी लिहिलेली नव्हती. ती आजीची फर्माईश होती.

"क्लिओपात्राचं शूटिंग झालं ना, तिथे जाऊन ये. फोटोबिटो नकोत. नीट बघ आणि मला सांग."

आजी आता ब्याऐंशीची. एलिझाबेथ टेलरचा 'क्लिओपात्रा' तिने कॉलेजात असताना थिएटरात पाहिला. आजही घरात कुणी ऐतिहासिक सिनेमाचं कौतुक सुरू केलं की ती एकच वाक्य टाकते, "राणीने एंट्री घ्यावी तर तशी!"

ती एंट्री पाहिली नसेल तर जरूर बघा. नर्तक, घोडेस्वार, रंगांचा धूर आणि शेवटी शेकडो गुलामांनी ओढत आणलेला प्रचंड स्फिंक्स. त्यावर सोन्याने मढलेली क्लिओपात्रा आणि शेजारी तिचा छोटा मुलगा सीझेरियन. सगळं रोम अवाक! ती खाली उतरते, सीझरपुढे अदबीने वाकते आणि मान वर करताना हळूच डोळा मारते.

माझं हॉटेल मेट्रोच्या लाइन एवर, फ्लामिनियो स्टेशनजवळ होतं. स्टेशनबाहेर पडलं की पियात्सा देल पोपोलो हा भलामोठा चौक लागतो. मधोमध ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून कोरलेला उंच, टोकदार खांब. तो थेट इजिप्तमधून आणलेला. लोक खालच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारत होते, मीही कॉफी घेऊन टेकले. चौथऱ्यावर लॅटिनमध्ये काहीतरी कोरलेलं दिसलं. गाइडबुक उघडलं आणि कॉफीची चवच बदलली. इजिप्त रोमन जनतेच्या सत्तेखाली आणल्यावर सम्राट ऑगस्टसने हा खांब सूर्याला अर्पण केला, असा त्याचा अर्थ.

ऑगस्टस म्हणजे सिनेमातला व्हिलन ऑक्टेव्हियन! इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या समुद्री लढाईत त्याने अँटनी आणि क्लिओपात्राला हरवलं. पुढच्या वर्षी अलेक्झांड्रिया पडली आणि दोघांनीही आपला जीव दिला. जिवंत राणी हाती लागली नाही, म्हणून इ.स.पू. २९ मध्ये याने विजयाच्या मिरवणुकीत तिची प्रतिमा फिरवली. शिवाय आपण ज्या महिन्याच्या पंधरा तारखेला झेंडावंदन करतो, त्या ऑगस्टलाही याचंच नाव. का? तर अलेक्झांड्रिया त्या महिन्यात जिंकली, हे त्यामागचं एक कारण.

चौकातून सरळ निघणाऱ्या व्हिया देल कोर्सोने चालत सुटलं की रस्ता संपतो तिथून जवळच सीझरचा फोरम आहे. तिथल्या व्हीनसच्या देवळात सीझरने क्लिओपात्राचा सोनेरी पुतळा बसवला होता. आज देवळाचे तीन खांब उभे आहेत, पुतळा गायब. पलीकडे रोमन फोरममध्ये जिथे सीझरचं दहन झालं, तिथे लोक आजही फुलं ठेवतात. क्लिओपात्रासाठी फुलं कुठे ठेवणार? तिचं आणि अँटनीचं थडगं अजून सापडलेलंच नाही.

तेर्मिनीला येऊन पुन्हा लाइन ए पकडली. वीसेक मिनिटांत चिनेचित्ता स्टेशन. वर आलं की समोरच स्टुडिओचं गेट! मुसोलिनीच्या काळात, १९३७ मध्ये हा स्टुडिओ सुरू झाला. युद्धाच्या शेवटी इथे निर्वासितांची छावणी होती. मग हॉलिवुड आलं. 'क्वो वादिस', 'बेन-हर' आणि मग आमच्या आजीची 'क्लिओपात्रा'.

या सिनेमाची जन्मकथा म्हणजे दुसरा एपिकच. १९६० च्या ऑगस्टमध्ये इकडे 'मुघल-ए-आझम' लागला आणि पुढच्याच महिन्यात तिकडे लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत 'क्लिओपात्रा'चं शूटिंग सुरू झालं. इंग्लंडच्या गारठ्यात इजिप्त उभा करायचा! टेलर आजारी पडली, न्यूमोनिया झाला, श्वास चालू राहावा म्हणून गळ्याचं ऑपरेशन करावं लागलं. दिग्दर्शक रूबेन मामुलियन गेला, जोसेफ मँकिविझ आला. तिथले सेट तसेच सोडून दिले. इंग्रजांनी ते वाया जाऊ दिले नाहीत, १९६४ च्या 'कॅरी ऑन क्लिओ' या विनोदी सिनेमात वापरून टाकले!

१९६१ च्या सप्टेंबरमध्ये सगळं पहिल्यापासून, या जागेवर. रोमचा फोरम इथे उभा राहिला, अलेक्झांड्रिया आंझिओजवळ समुद्रकाठी. टेलरचे पोशाख ६५, करार १० लाख डॉलरचा आणि एकूण खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर! १९६३ मध्ये सिनेमा लागला, त्या वर्षी सगळ्यात जास्त चालला, चार ऑस्कर घेऊन गेला. तरी खर्च काही लगेच निघाला नाही.

आणि याच गेटच्या आत टेलर आणि अँटनी झालेला रिचर्ड बर्टन प्रेमात पडले. दोघंही विवाहित. फोटोग्राफर मागे लागले, व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानेही जाहीर पत्र छापून कान टोचले. १९६४ मध्ये लग्न, १९७४ मध्ये घटस्फोट, १९७५ मध्ये पुन्हा लग्न, १९७६ मध्ये पुन्हा घटस्फोट. प्राचीन काळातलं प्रेम टिकलं नाही आणि ते पडद्यावर करणाऱ्यांचंही नाही.

गाइड आम्हाला मागच्या सेटवर घेऊन गेला. काय दिसलं असेल? झकास रोम! लाल-निळे खांब, देवळं, पायऱ्या. पण हे २००५ ते २००७ च्या 'रोम' या टीव्ही मालिकेसाठी बांधलेलं, त्यातलंही काही २००७ च्या आगीत जळालं. 'क्लिओपात्रा'चं रोम केव्हाच गेलं. मी एका खांबावर टकटक केली. पोकळ! फायबरचा! मागे गेलं तर नुसते लोखंडी पाइप.

आजीला व्हिडिओ कॉल लावला.

"दिसला का गं स्फिंक्स?"

"नाही गं आजी. काहीच उरलं नाही. सगळं नंतरचं आहे, तेही खोटं."

"असू दे. आम्ही गेलो तेव्हा तरी कुठे खरं होतं? पडद्यावरच होतं."

"आम्ही म्हणजे? तू आणि आजोबा?"

"तुझे आजोबा कुठले! त्यांना इंग्रजी सिनेमात झोप यायची." मग थोडं थांबून, "होता एक. कॉलेजातला. इंटरव्हलला वेफर्स आणायला गेला तो रांगेत अडकला. अर्धा सिनेमा मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेच बघत होते."

"मग?"

"मग काय? पुढच्या मे महिन्यात माझं लग्न झालं."

"त्याचं नाव काय होतं?"

"चल, ठेवते. सिरियलची वेळ झाली."

मी त्या फायबरच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. साठ वर्षांत हे नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही. ना फोटो, ना पत्र. उरलाय तो एक सिनेमा आणि "राणीने एंट्री घ्यावी तर तशी" हे एक वाक्य. इतके दिवस मला वाटायचं, आजीला भपका आवडतो.

सकाळपासून जे खरं म्हणून बघत होते, तो दगड जिंकणाऱ्याने उभारला होता. त्यावर त्याचंच म्हणणं कोरलेलं. हरलेल्या राणीची प्रतिमा त्याने याच शहरातून फिरवली. दोन हजार वर्षांनी काही सिनेमावाल्यांनी अफाट पैसा उधळून तिला त्याच शहरात मान ताठ ठेवून आणलं. असा प्रवेश इतिहासात नाही, मान्य. पण थिएटरात बसलेल्या कितीजणींना तो हवा होता!

तुम्ही जाणार असाल तर चिनेचित्ताच्या वेळा आधी बघून घ्या. सेट गाइडबरोबरच बघता येतो, त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा. आणि हो, हे सगळं लिहू का, असं आजीला विचारलंय. "लिही, पण माझं नाव नको," म्हणाली.

संध्याकाळी फ्लामिनियोला उतरले. चौकात तो खांब दिव्यांत उभा होता, आपल्या विजयाचा मजकूर घेऊन. इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं.

मी त्याला हळूच डोळा मारला.