बाप म्हणायचं की भाऊ?

जकार्तात वडीलधाऱ्याला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे उद्धटपणा. नावाआधी नातं हवंच. पुरुष असेल तर 'पाक', म्हणजे बाप (शेवटचा क घशातच गिळायचा, नाहीतर गुलाबजामचा वाटतो). बाई असेल तर 'बू', म्हणजे आई. हजहून आलेला 'पाक हाजी', आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या हाजीसाबसारखाच. गल्लीचा म्होरक्या 'पाक एर-टे'. एर-टे म्हणजे शेजारघरांचा गट; असे गट जपान्यांनी 1944 मध्ये जावात पाडले. पुढच्या वर्षी जपानी हरले, गट मात्र टिकले. वर्गणी गोळा करणारा, रविवारी गटार उपसायला घराघरांतून माणसं काढणारा हा म्होरक्याच. आता बाप म्हटल्यावर त्याला वर्गणीचा हिशेब विचारायचा कोणत्या तोंडानं?

हे गल्लीपुरतंच असतं तर बरं होतं. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, त्यांना लोक 'बुंग कार्नो' म्हणत. बुंग म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातला भाऊ. त्यांच्यानंतर आले सुहार्तो, ते 'पाक हार्तो'. 1983 मध्ये त्यांना अधिकृतपणे 'विकासाचा बाप' ही पदवीही मिळाली. हा बाप 1998 पर्यंत खुर्चीवरून उठला नाही.

आमच्याकडे शेतकरी कामगार पक्षात सगळे एकमेकांचे 'भाई'. याच पक्षाचे केशवराव धोंडगे कंधारचे आमदार झाले, 1977 मध्ये नांदेडचे खासदार झाले, 1 जानेवारी 2023 ला शंभरी ओलांडून गेले, शेवटपर्यंत भाईच. त्यांच्यावर जीव टाकणारे आणि त्यांच्याशी कडाकडा भांडणारे, दोघंही त्यांना भाईच म्हणत. त्याच जिल्ह्यातल्या, मुख्यमंत्री राहिलेल्या शंकरराव चव्हाणांना महाराष्ट्रानं 'हेडमास्तर' केलं. हेडमास्तरांपुढे कोण कशाला तोंड उघडतंय!

अर्थात भाऊ म्हटलं की माणूस मवाळ होतो, असं काही नाही. 1966 ते 1977 जकार्ताचे गव्हर्नर असलेले अली सादिकीन नौदलाच्या मरीन दलातले जनरल. शहर त्यांना जकार्ताच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे बेतावी लोकांच्या रिवाजानं 'बांग अली' म्हणे, थोरला भाऊ. या भावानं जुगार कायदेशीर केला, त्याच्या करातून शाळा आणि रस्ते बांधले. झोपडवस्त्या हटवताना दयामाया दाखवली नाही. पण 1980 मध्ये पन्नास जणांनी सुहार्तोंविरुद्ध पत्रक काढलं, त्यावर सही करणाऱ्यांत हे होते. त्याची शिक्षाही झाली: सही करणाऱ्यांच्या परदेशप्रवासावर बंदी आली आणि वर्तमानपत्रांना त्यांचं म्हणणं छापायची मनाई झाली.