डॉकयार्ड रोडला उतरून चीन

वाशीहून सीएसएमटीला जाताना डॉकयार्ड रोड लागतं. तिथून जवळच, माझगावात, मुंबईचं चिनी देऊळ आहे: सी युप कून, १९१९ सालचं. पॅगोडा शोधत गेलात तर फसाल, बाहेरून साधी इमारतच! जिना चढलात की लाल-सोनेरी देव्हारा, उदबत्त्यांचा धूर आणि क्वान कुंग. तिसऱ्या शतकात मारला गेलेला हा सेनापती. त्याच्या निष्ठेपायी ताओपंथी त्याला देव मानतात.

देऊळ घरासारखं का? उत्तर नावातच आहे. 'सी युप' म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले चार तालुके, 'कून' म्हणजे तिथल्या गाववाल्यांची बैठक. गोदीत उतरणाऱ्या खलाशांना देव आणि गाववाले एकाच छपराखाली भेटायचे. धोबीतलावला गोवेकर खलाशांचे 'कूड' असतात ना, अगदी तसंच.

मग १९६२ चं युद्ध झालं. भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. नंतर कित्येकांनी देश सोडला, मुंबईतली वस्तीही रोडावली. आता चिनी नववर्षाला उरलीसुरली कुटुंबं इथे येतात. इमारतीची डागडुजी करता येईल हो, पण गाववालेच उरले नाहीत तर ते 'कून' कसलं?