तिसरा खण

सालेकसात माझा फोटो स्टुडिओ आहे. उन्हाळ्यात लग्नं, माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा आणि वर्षभर पासपोर्ट फोटो, यावर दुकान चालतं. दोन कॅमेरे लावले की एका लग्नाचं शूटिंग दीडशे जीबीच्या घरात जातं. पूर्वी सुट्या हार्डडिस्क भरून, वर पेनानं नाव लिहून कपाटात टाकायचो. त्यातल्या दोन मेल्या, तेव्हा चार खणांचा डबा घेतला. प्रत्येक खणात चार टीबीची डिस्क, चारही मिळून रेड-५ मध्ये बांधलेल्या.

त्याचा हिशेब मला मावसभावानं समजावला होता. तो नागपुरात सर्व्हरची कामं करतो. "तीन आकडे घे दादा. पाच, आठ, तीन. बेरीज सोळा, ती चौथीकडे ठेव. आता आठ पुसला तरी सोळातून पाच आणि तीन वजा केले की आठ परत येतो." खरी आकडेमोड बेरजेची नसते, बिटांच्या सम-विषमाची असते, आणि ती 'बेरीज' एकीकडेच न ठेवता चौघींवर वाटलेली असते, पण युक्ती हीच. सोळा टीबी विकत घ्यायचे, बारा वापरायचे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी 'रेड'ची मांडणी लिहिली, तेव्हा त्यांच्यापुढे स्वस्त डिस्कच होत्या. डिस्क मरणारच, हे धरून त्यांनी हिशेब मांडला होता. मी त्यातलं 'एक मेली तरी चालतं' एवढंच ध्यानात ठेवलं.

जूनमध्ये मिरगाच्या पहिल्या गडगडाटात रात्रभर लाईन जात-येत राहिली. सकाळी शटर उघडलं तर डबा पीं-पीं करत होता. स्क्रीनवर लिहिलेलं, डिस्क क्रमांक २ नापास. फाइली मात्र उघडत होत्या. मग मी आवाज तेवढा बंद केला आणि दोन दिवस अल्बमचं काम करत बसलो.

तिसऱ्या दिवशी गोंदियाहून नवी डिस्क आणली. चालू डब्यातून डावीकडची दुसरी डिस्क ओढली आणि सगळंच बंद पडलं. डबा शून्यापासून मोजत होता. क्रमांक २ म्हणजे तिसरा खण. मी धडधाकट डिस्क उपटली होती.

स्क्रीनवर प्रश्न आला, नवा संच तयार करायचा का? माझा हात माऊसवर होता. दुसऱ्या हातानं मावसभावाला फोन लावला. "हात काढ," तो ओरडला. "हो म्हटलंस तर सगळं पुसलं जाईल. मशीन बंद कर, डिस्क होती त्याच खणात परत घाल."

तसं केलं. मग त्यानं नागपुरातूनच जोडून पाहिलं. प्रत्येक डिस्क स्वतःजवळ एक मोजणी ठेवते, संचात काही बदललं की ती पुढे सरकते. ओढलेली डिस्क बाकीच्यांपेक्षा थोडीच मागे होती, कारण त्या वेळी कुणी काही लिहीत नव्हतं. त्यानं संच जबरदस्तीनं जुळवला. वीस मिनिटांनी फोल्डर दिसले तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी लगेच नवी डिस्क घालायला निघालो. त्यानं पुन्हा थांबवलं. "आधी कॉपी." नवी डिस्क भरायची तर उरलेल्या तिघींवरचा कण न् कण वाचावा लागतो. म्हणजे बारा टीबी. आणि साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की एकावर चौदा शून्यं इतक्या बिटांमागे एखादा बिट वाचता न येणं चालायचंच. ते होतात साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या निघतात म्हणे, पण माझ्या तिघी एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या. त्यातल्या एकीवर आठ सेक्टर वाचायचे अडकलेले दिसत होते. डबा बसवताना जो ईमेल दिला होता तो उघडला. मेलेल्या डिस्कबद्दल पाच आठवड्यांत अकरा पत्रं आली होती.

बाहेरच्या दोन डिस्कवर सगळं मावणार नव्हतं. निवडावं लागलं. पहिल्यांदा एक लग्न घेतलं. नवरीचे बाबा पुढच्याच दिवाळीआधी गेले. बँडपुढे ते चुकीच्या ठेक्यावर नाचतात, एवढंच त्यांचं हलतं-बोलतं चित्र आहे. मग कचारगडच्या नऊ यात्रा. मग बाकीचे. कॉपीला दीड दिवस गेला.

त्यानंतर नवी डिस्क घातली, तिसऱ्या खणात. सेकंदाला शंभर एमबी धरले तर चार टीबीला अकरा तास पुरतात. मला सव्वीस लागले. इन्व्हर्टर जोडून दुकानातच झोपलो. एकसष्ट टक्क्यांवर ती आजारी डिस्क इतकी रेंगाळली की मालगाड्या जायच्या, पण आकडा हलायचा नाही. पहाटे पुढे सरकला. काम पुरं झाल्यावर तीही बदलली.

आमच्याकडे रोवणी आटोपली तरी काका मूठभर पऱ्हे धुऱ्याशी राखून ठेवतात, बांधीत जिथं रोप मरेल तिथं लावायला. तशी एक डिस्क आता कपाटात कोरी असते. प्रत्येक खणावर तिथल्या डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवलेत. महिन्यातून एकदा डबा सगळं वाचून तपासतो, इशारे फोनवर येतात आणि एक प्रत आमगावला बहिणीकडे असते. डब्यातली चूक चारही डिस्कवर एकदमच होते, म्हणून ती प्रत घराबाहेर.

राखीला माहेरी आलेली ती मुलगी दुकानात आली. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर हवा होता. कॉपी लावली, वीस मिनिटं दाखवत होतं. तिनं दोनदा घड्याळ पाहिलं.

"एवढा वेळ लागते का भाऊ?"

"लागते," मी म्हणालो आणि तिला खुर्ची दिली.