डाग कुणाचा?



दशलक्षण पर्वाच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पर्वात नेसायला साडी हवी होती. आत्या रेशीम नेसत नाहीत. कोश उकळून काढलेला धागा अंगाला नको म्हणतात. त्यामुळे आमच्याकडची साडीखरेदी म्हणजे सुती, फिक्या रंगाची, बारीक काठाची. पाच मिनिटांचं काम. आत्या बस्तीत गेल्या होत्या, म्हणून दीड वर्षाची मुलगी कडेवर आणि साडेचार वर्षांचा मुलगा बोटाला, अशी सांगलीच्या कापड पेठेतल्या एका दुकानात गेले.

चपला काढते आहे तोवरच गादीवरचा माणूस म्हणाला, "ताई, पोरांना बाहेर थांबवा." बाहेर म्हणजे कुठे, रस्त्यावर? मी हसून म्हटलं, "हात नाही लावणार तो," आणि कडेला बसले. पंधरा-वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. माझ्यानंतर आलेल्या दोघींपुढे साड्यांचे ढीग पडले, चहासुद्धा आला. शेवटी माझ्यापुढे तीन साड्या टाकल्या. वरच्या फळीवरच्या दाखवा म्हटलं तर उत्तर आलं, "लहान पोरं घेऊन आल्यावर कुठं घड्या मोडत बसायच्या?"

तेवढ्यात मुलानं एका साडीच्या काठावर बोट टेकवलं. दुसऱ्या हातात बिस्कीट होतं, हे खरं. त्या माणसानं साडी उचलली, उलगडली आणि त्यावरचा पिवळट डाग सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे बघा. आता ही तुम्हालाच घ्यावी लागेल."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कान तापले माझे. मी काय केलं असेल? डाग नीट बघितलासुद्धा नाही. मुलाच्या पाठीत धपाटा घातला, 740 रुपये मोजले आणि निघाले. तो रडला नाही. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

संध्याकाळी आत्यांनी साडी खिडकीपाशी नेली. "अगं, हा घडीवरचा डाग आहे. माल फळीवर पडून राहिला की घडीच्या रेघेवर कापड पिवळं पडतं." डाग वीतभर लांब, सरळ रेघेत, आणि आतल्या घडीवरही तसाच. पोराचं बोट तिथवर पोचणार कसं?

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं ठळक छापलेलं होतं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "छापू दे की! 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरतात. नाहीच ऐकलं तर 1915 वर फोन लाव, ती ग्राहकांची हेल्पलाइन आहे." मी सगळं पाठ करून दुसऱ्या दिवशी, मुलांना आत्यांपाशी ठेवून, एकटीच गेले.

"या ताई, बसा. पाणी आणा रे!" तोच माणूस. डाग दाखवला तर म्हणाला, "बदलून देतो की." दोन मिनिटांत वरच्या फळीवरची साडी हातात. पाठ केलेला कायदा तोंडातच राहिला. पण मला हेच जास्त झोंबलं. काल आणि आज यात फरक एवढाच, की आज कडेवर कुणी नव्हतं. मी विचारलं, "काल तर माझ्या मुलानं डाग पाडला म्हणालात?" तो दुसरी घडी घालत म्हणाला, "पोरं असली की काय सांगता येत नाही ताई."

पोरांच्या हातून दुकानदाराचं नुकसान होतं, नाही असं नाही. तसं झालं असतं तर मी आनंदानं पैसे दिले असते.

पर्वात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, दहा दिवस दहा अध्याय. सातव्या दिवशी व्रतं आणि त्यांचे अतिचार येतात. मी मुद्दाम पुढे जाऊन बसले. अचौर्याच्या अतिचारांत खोटं माप येतं, मालातली भेसळ येते. त्या दुकानदाराला कुठल्या खान्यात बसवायचं ते मला ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण क्रमात अहिंसेचे अतिचार आधी येतात: बंध, वध, छेद... पंडितजी म्हणाले, इथं वध म्हणजे जीव घेणं नव्हे, वध म्हणजे मारणं. पुढचं अचौर्याचं काही माझ्या कानात शिरलंच नाही.

क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत दीड-दोनशे लोकांना हात जोडले. घरी येऊन मुलाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "तो डाग तू पाडला नव्हतास. मी उगाच मारलं. मला क्षमा कर."

त्यानं जरा विचार केला. "मग त्या काकांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"माझ्यासमोर नाही सांगितलंस."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मारलं होतं ते सगळ्यांसमोर.

दिवाळीच्या खरेदीला त्याला घेऊनच त्या दुकानात गेले. आत्या म्हणत होत्या, दुसरीकडे जा. पायरीवर चप्पल काढल्याबरोबर त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून घेतले. मी ते सोडवले, एक हात माझ्या हातात घेतला आणि थेट गादीसमोर जाऊन उभी राहिले. "काका," मी म्हटलं, "याला काहीतरी सांगायचं राहिलंय तुमचं."