पाऊणकी आणि तंगूस

मी मूळची सोलापूरची. वेंगुर्ल्याच्या शाळेत बदली होईपर्यंत मासा पाहिला तो उजनीचा, तोही बाजारात. समुद्रात गरवायला मी शिकले ते इथल्या बंदरावर, जेटीवर बसून. कमी पैशात समुद्राची ओळख करून घ्यायची तर यापेक्षा चांगली वाट नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी होडी लागत नाही. सुरुवातीला काठी आणि रीळही लागत नाही. संध्याकाळी जेटीवर गरी टाकून बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातात पाण्याची रिकामी बाटली असते आणि तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला असतो. हे सामान दीडशे रुपयांच्या आत येतं. तंगूस ०.३५ मिलिमीटर जाडीचा घ्यावा, त्याहून जाड नको. जाड तंगूस पाण्यात दिसतो आणि मासा बिचकतो. गऱ्या बारीक घ्याव्यात. मोठ्या गरीला मोठा मासा लागेल ही आशा दुकानदाराच्या फायद्याची. जेटीवर येणाऱ्या माशांची तोंडं लहान असतात.

मला शिकवलं ते एका काकांनी. सारा जन्म त्यांनी ट्रॉलरवर खलाशी म्हणून काढला आणि आता हौसेने गरवायला येतात. त्यांनी आधी गाठ शिकवली. गरीच्या नेढ्यातून तंगूस ओवायचा, मूळ तंगुसाभोवती त्याचे पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून परत काढायचं आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडीच आवळली तर तंगूस घासून तापतो आणि नेमका तिथेच तुटतो. वजन सगळ्यात खाली, गरी त्याच्या वीतभर वर, आखूड तुकड्यावर. पण वजन मुख्य तंगुसाला थेट बांधायचं नाही. मध्ये बारीक, कच्चा दोरा घालायचा. वजन खडपात अडकलं तर दोरा तुटतो. गरी आणि तिला लागलेला मासा आपल्याकडेच राहतो. काका शिसं वापरतच नाहीत. गॅरेजवाल्याने टाकून दिलेले नट त्यांना पुरतात.

आमिषाला सुंगटं, म्हणजे कोळंबी. मासळीच्या लिलावानंतर उरलेली बारीक सुंगटं मूठभर मिळतात. मीठ लावून ठेवली की ती घट्ट होतात आणि गरीवरून सहज सुटत नाहीत.

"बाईनू, लांब टाकू नकात. मासो हंयच आसा, खांबाच्या पायाकडे," काकांनी सांगितलं. जेटीच्या खांबांना कालवं चिकटतात, शेवाळ धरतं, त्यात बारीक कुर्ल्या राहतात आणि त्या खायला गोबऱ्याची, तांबोशीची पिल्लं येतात. मुडदुश्या मात्र वाळूवर चरतात. त्यांच्यासाठी जिथे तळ वाळूचा आहे ती बाजू धरायची.

पण खरी विद्या वेळेची, आणि ती फुकट आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पहाटे-सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. अर्धापाऊण तास मागेपुढे होतो, पण गरवणाऱ्याला एवढं पुरतं. चंद्र रोज साधारण पाऊण तासाने मागे पडतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. एके काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. मी आता अपूर्णांक शिकवताना वर्गात कालनिर्णय नेते. बंदरावरची मुलं फळ्याकडे न बघता उत्तर सांगतात.

भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास, एवढ्यात मासा चांगला खातो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला इतकी ओढ असते की वजन तळाला ठरत नाही. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी ओढीचे, दिवस धरावेत.

तंगूस हाताला गुंडाळायचा नाही, मोठा मासा लागला तर बोट कापतं. तो तर्जनीवरून सोडायचा आणि हलका ताणलेला ठेवायचा. मुडदुशी आली की बोटाला दोन झटके लागोपाठ बसतात, मध्ये श्वास घेण्याइतकीही उसंत नाही. दुसऱ्या झटक्याला मनगट उचललं की खालून थरथर वर येऊ लागते. वर येते ती रुपेरी, निमुळत्या तोंडाची, बोटभर जाडीची मुडदुशी. उन्हात तिच्या अंगावरून फिकट गुलाबी झाक सरकते. ती थरथर बोटाला कळली की माणूस पुन्हा येतोच.

शेंगाळा लागला तर घाई करू नये. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा करवती आणि विषारी असतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं; आणि मग डॉक्टर गाठायचा. केंड लागला तर तो सोडून द्यावा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

एका गोष्टीबाबत मी जेटीवर कुणाशीही भांडते. तंगुसाचे तुकडे पाण्यात टाकायचे नाहीत. इथून जवळच वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात न दिसणारा तंगूस त्यांच्या मानेत, परांत अडकतो. बोटभर लांबीची पिल्लंही सोडून द्यावीत. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. आपल्या गरीलाही तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

पावसाळ्यात मी जेटीवर पाऊल ठेवत नाही. लाट कधी कठड्यावरून येईल याचा नेम नसतो. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला की पुन्हा सुरुवात. यंदा दिवाळीनंतर एक साधी फायबरची काठी घ्यायचा विचार आहे. गोबरा लागला की तो खांबाच्या कपारीत घुसतो आणि नुसत्या हाताने त्याला तिथून बाहेर ओढता येत नाही. काकांनी दुकानही सांगून ठेवलंय.