राखेच्या विटा

नाशिक रोड म्हटलें कीं परगांवच्या माणसास नोटांचा छापखाना आठवतो. येथें राहणाऱ्या आम्हांस मात्र राख आठवते. १९७० सालीं जवळच एकलहऱ्याचें औष्णिक वीजकेंद्र सुरू झालें. आपल्याकडील कोळसा मोठा राखाळ. जाळल्यावर त्याचा सुमारें तिसरा हिस्सा राखरूपानें मागें उरतो. ती ठेवावयाची कोठें?

आतां तिच्या विटा होतात. राख, चुना अथवा सिमेंट, थोडा जिप्सम आणि खडीची कच यांचें मिश्रण यंत्राच्या सांच्यांत पडतें, वरून दाब बसतो, आणि एका मापाच्या करड्या विटा फळीवर बाहेर येतात. मग कांहीं दिवस पाणी मारावयाचें. भट्टी नाहीं, जाळ नाहीं. लाल विटेसाठीं शेताची वरची कसदार माती खरवडावी लागते व ती भाजण्यास पुन्हा कोळसाच लागतो. १९९९ सालीं सरकारनें वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरांच्या आंतील वीटवाल्यांना मातींत निदान चौथा हिस्सा राख मिसळण्याची सक्ती केली, ती याचसाठीं.

जुना गवंडी म्हणेल, यांत नवें तें काय? वाड्यांच्या भिंतींसाठीं चुन्यांत सुरखी घालीतच असत. भाजलेल्या विटेची ती पूड चुन्याशीं पाण्यांत मिळून दगडासारखी घट्ट होते. कोळशाची राखही तेंच करते. रोमन लोकांनीं ज्वालामुखीची राख चुन्यांत कालवून उभारलेला पँथिऑनचा घुमट सुमारें १९०० वर्षें टिकून आहे.

आमचा संशय निराळा आहे. ही वीट निर्मळ ठरते, कारण कोळशाच्या धुराचें पाप विजेच्या खात्यावर लिहिलें जातें. हवेच्या हितासाठीं ती चिमणी एक दिवस विझावी असें आम्हांसही वाटतें. पण मग साठलेली राख संपल्यावर विटेला राख कोठून आणावयाची?

आणि ज्यांचे हात विटा थापीत आले, त्यांचें काय? दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन भट्टीवर येणारीं कुटुंबें मुलांबाळांसकट राबतात. उचलीच्या पैशांत बांधलेला तो जन्म सुखाचा होता असें कोणी म्हणूं नये. यंत्रापाशीं मोजकींच माणसें लागतात. त्यांत या कुटुंबांतलीं किती असतील, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

आम्हीं कुंपणाची भिंत बांधावयास काढली तेव्हां करड्याच विटा आणविल्या. गवंड्यानें एक उचलून हातांत तोलली, दुसरीवर आपटून आवाज ऐकला, आणि "कडा सरळ आहेत, माल कमी लागेल," एवढें म्हणून ओळंबा सोडला.