रत्नागिरीचे तिकीट

भारतभेटीला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

मागच्या खेपेस आम्ही दोघे मुंबईला होतो. रत्नागिरीला आमची शाळेतली मैत्रीण अंथरुणाला खिळलेली. शब्बाथ तिच्याकडेच करायचा ठरवून शुक्रवारची सकाळची मांडवी एक्सप्रेस धरली. भाच्याने ऑनलाइन तिकीट काढले. त्यावर डब्ल्यूएल 14 आणि 15. हे म्हणाले, "पैसे दिलेत ना, मग जागा कुठाय?" भाचा हसला, "तिकीट आहे, जागा अजून नाही."

पीएनआर हा दहा आकडी नंबर. रेल्वेच्या साइटवर घातला किंवा 139 ला फोन केला की स्थिती कळते. दोन रकाने असतात, एक तिकीट काढतानाचा, दुसरा आजचा. आम्ही पहिलाच वाचून हवालदिल झालो! दुसऱ्यात 14 चे 5 झाले होते.

सीएनएफ म्हणजे जागा पक्की. आरएसी म्हणजे गाडीत चढता येते, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांत बसायला. डब्ल्यूएल म्हणजे प्रतीक्षा यादी. चार्ट लागल्यावरही सगळे यादीतच राहिले, तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते. पैसे परत मिळतात, पण त्यावर गाडीत चढू नये.

सकाळच्या गाडीचा पहिला चार्ट आता आदल्या रात्रीच तयार होतो. जन्मभर वॉर्डात पेशंटांचे चार्ट पाहिले, पण छातीत अशी धडधड कधी झाली नव्हती. जागा मिळाली नसती तर सूर्यास्ताआधी पोचणे कठीणच, म्हणून रात्रीच्या एस.टी.चीही चौकशी करून ठेवली होती. शेवटी दोघांचेही आरएसी झाले!

एका बर्थवर समोरासमोर बसलो. रोहा मागे गेले तेव्हा आपले रोहेकर आठवले. चिपळूण आले, मग साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, आणि थोड्याच वेळात रत्नागिरी.

संध्याकाळी मैत्रिणीच्या खोलीत दिवे लावले. तिने पडल्या पडल्याच हात जोडले. म्हणाली, "आलीस गं बाई. मला वाटलं, राहूनच जातंय."

तेव्हा मंडळी, दुसरा रकाना वाचा, चार्ट लागल्यावर पुन्हा एकदा पाहा, आणि आरएसी दिसले तर घाबरून घरी बसू नका. भेटायचे माणूस प्रतीक्षा यादीवर ठेवू नये.